एकच अल्बम, अनेक सीडी: कोणतं मास्टरिंग सरस, हे स्वतः कसं ठरवायचं

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम 1973 साली आला. त्याची सीडी 1983 मध्ये जपानमध्ये निघाली. 1988 मध्ये मोबाइल फिडेलिटी या जुने अल्बम खास काळजीने पुन्हा काढणाऱ्या कंपनीने ती सोनेरी डिस्कवर काढली. 1992 च्या संचासाठी तिचं नव्याने मास्टरिंग (डिस्क बनवण्याआधी आवाजावर फिरणारा शेवटचा हात) झालं, 2003 मध्ये ती एसएसीडीसोबत (सीडीपेक्षा जास्त तपशील मावणारा वेगळा थर असलेली डिस्क) आली आणि 2011 मध्ये जेम्स गथ्री यांनी पुन्हा एकदा मास्टर केली. गाणी तीच, वादन तेच, स्टिरिओ मिक्सही तेच. तरी या डिस्क एकापाठोपाठ एक लावल्या तर कुठे सिंबल जास्त चमकतात, कुठे बेस पुढे येतो, कुठे सगळंच अंगावर आल्यासारखं वाटतं. यातली कोणती घ्यावी, यावर क्लासिक रॉक ऐकणारे वर्षानुवर्षं भांडत आलेत.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. यातले बहुतेक वाद मास्टरिंगचे नसतातच, ते आवाजाच्या पातळीचे असतात. एक डिस्क दुसरीपेक्षा मोठ्याने वाजते आणि कान मोठ्या आवाजाला ‘स्पष्ट’, ‘भरीव’, ‘जिवंत’ अशी विशेषणं लावून मोकळे होतात. पातळी जुळवून ऐकलं की अर्धे निकाल उलटे लागतात. म्हणून पुढचा क्रम पाळावा, आणि पातळी जुळवण्याची पायरी तर अजिबात गाळू नये.

मिक्स वेगळा की मास्टरिंग वेगळं?

स्टुडिओत आठ, सोळा किंवा चोवीस ट्रॅकवर ध्वनिमुद्रण होतं. त्यातून दोन ट्रॅकची स्टिरिओ टेप बनते, तो मिक्स. गिटार किती डावीकडे, गायकावर किती रिव्हर्ब (प्रतिध्वनी), ड्रम किती पुढे, हे सगळं तिथे ठरून जातं. मास्टरिंग त्यानंतरचं काम आहे: कोणती टेप घ्यायची, ती कोणत्या मशीनवर कशी वाजवायची, इक्वलायझरने काय वर-खाली करायचं, आवाज किती चढवायचा, टेपची सरसर ठेवायची की पुसायची.

तुलना मास्टरिंगची करायची असेल तर मिक्स एकच आहे याची खात्री आधी करा. इथे फसायला भरपूर वाव आहे. बीटल्सच्या ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ची 1987 ची सीडी जॉर्ज मार्टिन यांनी नव्याने केलेल्या स्टिरिओ मिक्सवरून निघाली आणि 2009 च्या स्टिरिओ रीमास्टरमध्येही तोच मिक्स राहिला. 1965 चे मूळ स्टिरिओ मिक्स 2009 मध्ये मोनो संचातल्या डिस्कवर मिळाले. झीझी टॉपचे सुरुवातीचे अल्बम 1987 च्या संचासाठी रीमिक्स झाले, ड्रमवर त्या दशकाच्या चवीचा प्रतिध्वनी चढला, आणि पुढे बरीच वर्षं सीडीवर तेच मिळत राहिले. ‘त्रेस होंब्रेस’चा मूळ मिक्स सीडीवर आला तो 2006 मध्ये. इगी अँड द स्टूजेसच्या ‘रॉ पॉवर’ची 1997 ची आवृत्ती हा इगी पॉप यांनी स्वतः केलेला रीमिक्स आहे, 1973 च्या डेव्हिड बोवी यांच्या मिक्सशी तिची मास्टरिंग म्हणून तुलनाच होऊ शकत नाही.

ओळखायचं कसं? हेडफोन लावा आणि कोणतं वाद्य कुठे आहे ते ऐका. एखादी गिटार एका डिस्कवर टोकाला आणि दुसऱ्यावर मधोमध असेल, एखादी ओळ एकीकडे असून दुसरीकडे नसेल, रिव्हर्ब एकाच वाद्यावर कमी-जास्त असेल, तर मिक्स वेगळा आहे. मास्टरिंगमध्ये एकट्या वाद्याला सहसा हात लावता येत नाही, जे होतं ते सगळ्या मिश्रणाला होतं.

हातात नेमकी कोणती डिस्क आहे?

मुखपृष्ठावर ‘रीमास्टर्ड’ छापलंय म्हणून आतलं मास्टरिंग नवं असेलच असं नाही, आणि मुखपृष्ठ तेच आहे म्हणून आतलं जुनंच असेल असंही नाही. कंपन्या एकाच कॅटलॉग क्रमांकाखाली मास्टरिंग बदलतात. खरी ओळख डिस्कच्या खालच्या बाजूला, मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात असते. तिथे कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तिरप्या उजेडात वाचा आणि लिहून ठेवा. त्याच भागात ‘आयएफपीआय’ अशी अक्षरं आणि पुढे बारीक कोड दिसला, तर ती डिस्क 1994 किंवा त्यानंतर कारखान्यात बनलेली, कारण हे कोड तेव्हापासून आले. पाठीवर 1984 चं साल आणि कड्यात हा कोड, असं असेल तर ती नंतरची प्रत आहे. आत जुनंच मास्टरिंग असू शकतं, पण ते तपासूनच म्हणायचं.

डिस्क कशाची बनलीय याला महत्त्व देऊ नका. सोनेरी थर, एसएचएम-सीडी, ब्लू-स्पेक अशी नावं डिस्कच्या साहित्याची किंवा बनवण्याच्या पद्धतीची आहेत. डिस्कवरचे आकडे नीट वाचले गेले की साध्या डिस्कवरचे आणि या डिस्कवरचे तेच आकडे तोच आवाज देतात. अशा महाग आवृत्त्या वेगळ्या वाटतात तेव्हा बहुधा आतलं मास्टरिंगच वेगळं असतं, आणि ते पुढच्या दोन पायऱ्यांत उघड होतं.

रिप करणं

प्लेअरमध्ये डिस्क बदलत तुलना करू नका. एक काढून दुसरी लावेपर्यंत बारीक तपशील कानातून निघून जातात. प्रत्येक डिस्क संगणकावर फाइल म्हणून उतरवा, म्हणजेच रिप करा. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा डीबीपॉवरॲम्प, मॅकवर एक्सएलडी वापरा. ॲक्युरेटरिप चालू ठेवा म्हणजे तुमची रिप इतरांच्या रिपशी पडताळली जाते आणि वाचनातली चूक राहत नाही. फाइल फ्लॅकमध्ये ठेवा, त्यात आवाजातलं काहीच गाळलं जात नाही; एमपी3 नको.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने बनवलेला लॉग जपून ठेवा. त्यात प्रत्येक गाण्याची कमाल पातळी टक्क्यांत दिलेली असते, 87.3 किंवा 98.8 अशी. दोन डिस्कच्या सगळ्या गाण्यांचे हे आकडे दशांशापर्यंत जुळले तर मास्टरिंग एकच असण्याची शक्यता दाट. नवी डिस्क विकत घेण्याआधी कुणाच्या तरी लॉगमधले आकडे मिळाले तरी खूप काही कळतं. फक्त एक सावधगिरी: सगळे आकडे 100 असतील तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, जोरात मास्टर केलेल्या सगळ्याच डिस्क तिथे टेकतात.

दुसरी महत्त्वाची तपासणी प्री-एम्फसिसची. 1980 च्या दशकातल्या, विशेषतः जपानमध्ये बनलेल्या, काही सीडींवर ट्रेबल मुद्दाम वाढवून नोंदलेला असतो आणि प्लेअरने तो वाजवताना तेवढाच कमी करायचा असतो. वाढ साधारण 3 किलोहर्ट्झपासून सुरू होते आणि वरच्या टोकाला जवळजवळ 10 डेसिबलपर्यंत जाते. सीडी प्लेअर डिस्कवरची खूण वाचून हे काम गुपचूप करतो. रिप केलेल्या फाइलमध्ये मात्र ट्रेबल चढलेलाच राहतो. बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ची 1983 ची जपानी सीडी हे याचं प्रसिद्ध उदाहरण. अशी डिस्क दुरुस्ती न करता ऐकून कुणी ‘जुन्या सीडी कर्कश असतात’ म्हणत असेल, तर तो निकाल बाद धरा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या यादीत प्री-एम्फसिसचा रकाना असतो, तो बघा. कधी कधी ही खूण डिस्कच्या अनुक्रमणिकेत नसते, फक्त गाण्याच्या उपसंकेतात (आवाजासोबत नोंदलेल्या जोड-माहितीत) असते, म्हणून जुन्या जपानी डिस्कचा आवाज संशयास्पद पातळ वाटला तर खोलात जाऊन तपासा. दुरुस्तीसाठी सॉक्स या मोफत प्रोग्रॅममधला ‘डीएम्फ’ हा इफेक्ट पुरतो.

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही डिस्क एचडीसीडी पद्धतीच्या असतात, म्हणजे त्यांत जास्तीची माहिती सांकेतिक रूपात दडवलेली असते. त्याही डीकोडरने उलगडूनच तुलनेला घ्या.

खरंच दोन वेगळी मास्टरिंग आहेत का?

ऐकायला बसण्याआधी हे पाहून घ्या. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्ही रिपमधलं एकच गाणं दोन ट्रॅकवर घ्या. एखादा ठळक ठोका शोधा आणि दोन्हींची सुरुवात सॅम्पलपर्यंत जुळवा. आता एका ट्रॅकवर ‘इन्व्हर्ट’ (लहर उलटी करणारा इफेक्ट) लावा आणि दोन्ही एकत्र वाजवा. पूर्ण शांतता पसरली तर दोन्हींतले आकडे एकच आहेत, कॅटलॉग क्रमांक, देश आणि किंमत काही का असेना. तुमचं काम इथेच संपलं.

शांतता मिळाली नाही, पण एका ट्रॅकची पातळी थोडी कमी केल्यावर उरलेला आवाज जवळजवळ नाहीसा झाला, तर मास्टरिंग तेच आहे, फक्त आवाज चढवलाय. फक्त ट्रेबल किंवा फक्त बेस उरला तर टेपवरून डिजिटलमध्ये केलेलं मूळ हस्तांतरण तेच असून इक्वलायझर फिरवलेला आहे. आणि ठोके सुरुवातीला जुळूनही गाणं पुढे गेल्यावर सरकत असतील, तर टेप वेगवेगळ्या वेळी वाजवून हस्तांतरण झालंय. टेप मशीनचा वेग दोनदा अगदी तोच कधीच येत नाही.

या सरकण्याकडे दुर्लक्ष करू नका. रोलिंग स्टोन्सचा 1968 चा ‘बेगर्स बँक्वेट’ अनेक दशकं मूळ वेगापेक्षा हळू चालणाऱ्या मास्टरवरून विकला गेला. 2002 च्या आवृत्तीत वेग दुरुस्त झाला. वेग बदलला की गाण्याची लांबी आणि स्वराची पट्टी दोन्ही बदलतात. जुनी सीडी ‘जास्त निवांत, भारदस्त’ वाटण्यामागे कधी कधी एवढंच कारण असतं.

पातळी जुळवणं

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. कान आवाजाच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर वेगवेगळ्या रीतीने ऐकतो, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं. हळू आवाजात बेस आणि अगदी वरचा ट्रेबल मागे पडतो, आवाज वाढवला की तो पुढे येतो. त्यामुळे एक डिस्क दुसरीपेक्षा जेमतेम एक डेसिबल मोठी असली तरी ती ‘मोठी’ वाटत नाही, ‘चांगली’ वाटते. आणि क्लासिक रॉकच्या सीडींमध्ये फरक एका डेसिबलचा नसतो. 1980 च्या दशकातली डिस्क आणि 2000 नंतरचं जोरकस रीमास्टर यांत आठ-नऊ डेसिबलचं अंतर सहज सापडतं.

नॉबवर अंदाजाने हात फिरवून हे जुळत नाही. पातळी मोजूनच जुळवावी लागते, आणि ती 0.1 ते 0.2 डेसिबलच्या आत यायला हवी. मी असं करतो:

1. गाण्यातला 20 ते 30 सेकंदांचा तुकडा निवडा, ज्यात गायक सलग गातोय आणि मागे पूर्ण बँड वाजतोय. नुसती सुरुवात किंवा नुसता सोलो नको.
2. सगळ्या डिस्कमधून नेमका तोच तुकडा कापा. सुरुवात काही मिलिसेकंदांच्या आत जुळू द्या, नाहीतर नंतर अंध चाचणीत कान त्या सुरुवातीवरूनच फाइल ओळखेल.
3. ऑडॅसिटीमधल्या लाउडनेस नॉर्मलायझेशनने प्रत्येक तुकडा उणे 23 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) आणा. ही पातळी युरोपीय प्रसारकांच्या आर128 मानकातली आहे. ती इतकी खाली आहे की जुन्या डिस्कची उंच टोकंही कापली जात नाहीत.
4. निकाल 24 बिटमध्ये साठवा. आवाज खाली आणताना 16 बिटमध्येच ठेवलं तर बारीक तपशिलात उगाच गोंगाट मिसळतो.
5. मग ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवून सोयीच्या पातळीला आणा आणि तुलना संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

तिसऱ्या पायरीत एक मेख आहे. एका डिस्कवर बेस बराच जास्त असेल तर मोजणीत तिचा आवाज काहीसा वेगळा धरला जातो, आणि गायक मात्र दुसरीपेक्षा मागे राहतो. म्हणून यंत्राने जुळवून झाल्यावर फक्त गायकाच्या आवाजाकडे लक्ष देऊन एकदा ऐका. गायक दोन्हीकडे सारखा जवळ वाटला पाहिजे. गरज पडली तर अर्ध्या डेसिबलच्या आतली दुरुस्ती हाताने करा. रॉकमध्ये कान बहुतेक वेळा गायकाला धरून बाकीचं तोलतो, त्यामुळे मला हीच कसोटी सगळ्यात भरवशाची वाटते.

पडद्यावर काय दिसतं

डोळ्यांनी निकाल लावू नका, पण कुठे ऐकायचं ते डोळे सांगू शकतात. आलेखात एकच स्नेअरचा (कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका मोठा करून बघा. 1985 च्या आसपासच्या डिस्कवर टोक एकटं वर निघालेलं दिसतं आणि प्रत्येक ठोक्याची उंची थोडी वेगळी असते, कारण ड्रमर प्रत्येक वेळी थोडा वेगळा मारतो. जोरकस रीमास्टरवर सगळी टोकं एकाच रेषेवर येऊन थांबतात, शून्य डेसिबल या डिजिटल कमाल मर्यादेच्या जराशी खाली. अजून मोठं करा. टोकाच्या जागी सपाट माथा दिसेल, पाच-दहा सॅम्पल लांब. दहा सॅम्पल म्हणजे सेकंदाचा साधारण चार हजार चारशेवा भाग. एवढ्याशा तुकड्यात काठी कातड्यावर आदळल्याचा ‘टक्’ असतो, आणि नेमका तोच गेलेला असतो. त्यामागचा ‘धप्प’ मात्र पूर्ण शाबूत असतो, उलट वर आलेला असतो. मर्यादक (ठरावीक पातळीवरची टोकं दाबणारं यंत्र, लिमिटर) लावलेला ड्रम जाड पण बोथट का वाटतो, ते या एका चित्रात कळतं.

मग सगळ्या तुकड्यांचे स्पेक्ट्रम (कोणत्या उंचीच्या स्वरात किती आवाज आहे याचे आलेख) एकमेकांशी ताडून बघा. 100 हर्ट्झच्या खाली, 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये आणि 8 किलोहर्ट्झच्या वर किती डेसिबलचा फरक आहे ते टिपून ठेवा. ‘ही डिस्क उजळ वाटते’ हे वाक्य ‘हिच्यात 10 किलोहर्ट्झला तीन डेसिबल जास्त आहेत’ असं मांडता आलं की पुढचा विचार सोपा होतो.

डीआर नावाचा आकडा बरेच जण शेवटचा शब्द मानतात. तो गाण्यातल्या सगळ्यात जोरदार वीस टक्के तुकड्यांची सरासरी ताकद आणि कमाल टोक यांतलं अंतर सांगतो. डीआर 13 आणि डीआर 7 असा फरक असेल तर दुसऱ्या डिस्कवर मर्यादक जोरात लागलाय, हे नक्की धरा. पण डीआर 12 आणि 11 मधून काही निवडू नका. इक्वलायझर कसा फिरवलाय, टेप कोणती होती, सरसर पुसताना काय काय गेलं, यातलं काहीच हा आकडा सांगत नाही. डीआर 14 असलेली आणि ऐकवत नाही अशी डिस्कही असते: चौथ्या पिढीच्या, म्हणजे नकलेच्या नकलेच्या टेपवरून घेतलेली, मेणचट, बेस नसलेली. शिवाय काही ध्वनिमुद्रणं मुळातच दाबलेली असतात. लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बममधले शेवटच्या गाण्याचे ड्रम हेडली ग्रेंजच्या जिन्यात, वर टांगलेल्या दोन मायक्रोफोनवर नोंदले गेले आणि तेव्हाच कॉम्प्रेसरने (हळू आणि जोरदार आवाजातलं अंतर कमी करणाऱ्या यंत्राने) जोरात दाबले गेले. तो दाब हा त्या संगीताचा भाग आहे, मास्टरिंगच्या इंजिनिअरवर त्याचं खापर फोडायचं नाही.

काय ऐकायचं, कुठे ऐकायचं

पूर्ण गाणं ऐकत तुलना केली की मन गाण्यात रमतं आणि तपशील निसटतात. एका वेळी एकच गोष्ट ऐका, छोट्या तुकड्यात, पुन्हा पुन्हा.

सुरुवात शेवटाकडून करा. फेड-आउट हा मास्टरिंगचा सगळ्यात बोलका भाग आहे. संगीत विरत जाताना टेपची सरसर कशी वागते ते हेडफोनवर ऐका. ती संगीतासोबत सारख्या गतीने विरत असेल तर फेड पुढच्या टप्प्यावर टाकलाय. ती थोडी मागे उरून मग संपत असेल तर तो मूळ टेपच्या शेवटाचा आवाज आहे. पण सरसर मध्येच गायब झाली, आणि तिच्यासोबत सिंबलची शेवटची झणझण आणि खोलीचा प्रतिध्वनीही कापला गेला, तर गोंगाट पुसण्याचं यंत्र जोरात लावलंय. हे दोन गाण्यांच्या मधल्या जागेत किंवा सुरुवातीच्या एकट्या अकूस्टिक गिटारमध्येही ऐकू येतं: तार छेडल्यावर स्वर विरायच्या आतच भोवतालची हवा काढून घेतल्यासारखी वाटते. सरसर ऐकू येते म्हणजे निदान ती पुसताना वरचे स्वर गेलेले नाहीत. त्यामुळे सरसर ऐकू येणाऱ्या डिस्कला मी त्याबद्दल कधीच गुण कापत नाही.

मग सिंबल. काठी लागल्याचा धातूचा स्पर्श आधी आणि मग फुलत जाणारा पसारा, असे दोन वेगळे भाग ऐकू यायला हवेत. ‘श्श’ असा एकच पांढरा फवारा ऐकू आला तर एक तर टेपची नक्कल फार पिढ्या खालची आहे, किंवा ट्रेबल चढवून मर्यादकात दाबलाय. पहिल्या कारणात आवाज मंद आणि मळका असतो, दुसऱ्यात टोचरा.

गायकाचे ‘स’ आणि ‘श’ ऐका. ते ओठांतून येतात की वेगळे उडून कानावर आदळतात? 6 ते 8 किलोहर्ट्झमध्ये वाढवलेली डिस्क पहिल्या दहा मिनिटांत ‘तपशीलवार’ वाटते आणि अर्ध्या तासात दमवते. म्हणून प्रत्येक डिस्क निदान अर्धा तास न थांबता ऐकायची सवय ठेवा.

बेस गिटार आणि किक ड्रम वेगळे ओळखता येतात का? बेस भरपूर असणं आणि बेस स्पष्ट असणं या निराळ्या गोष्टी. बेस गिटारची स्वररचना गुणगुणता आली तर तो स्पष्ट आहे. एलपी कोरताना खोबण सांभाळण्यासाठी बेस आणि ट्रेबलला आवर घालावा लागे, आणि तशी तडजोड केलेली टेप सुरुवातीच्या कित्येक सीडींसाठी वापरली गेली. अशा डिस्कवर खालचं टोक हडकुळं असतं.

शेवटी स्टिरिओ. गायक मधोमध घट्ट उभा राहतो की थोडा डावीकडे कलतो? मग प्लेअर मोनो करून (डावी-उजवी बाजू एकत्र मिसळून) ऐका. मोनोमध्ये सिंबल एकदम मंद झाले किंवा त्यांच्यात भोवरा फिरल्यासारखा ‘वूश’ आला, तर टेप वाजवताना मशीनच्या हेडचा कोन नीट जुळवलेला नव्हता. ही कसोटी फार कमी लोक लावतात, पण काळजीपूर्वक केलेलं हस्तांतरण आणि उरकलेलं हस्तांतरण यांतला फरक ती अर्ध्या मिनिटात दाखवते.

लाउडनेसचा परिणाम मात्र छोट्या तुकड्यात पुरता कळत नाही. त्यासाठी हळू कडव्यातून जोरदार ध्रुवपदात जाणारी जागा निवडा. बँड आत येतो तेव्हा गाणं मोठं झालं पाहिजे. दाबलेल्या डिस्कवर ते मोठं होत नाही, फक्त गर्दी वाढते, आणि कधी कधी तर गायक उलट मागे ढकलला जातो.

डोळे झाकून पडताळणी

फरक ऐकू आला असं वाटलं की फूबार2000 या संगीत वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एबीएक्स कम्पॅरेटर हा भाग घालून चाचणी घ्या. प्रोग्रॅम गुपचूप एक फाइल निवडतो, ती अ आहे की ब हे तुम्ही ओळखायचं. सोळापैकी बारा वेळा बरोबर आलात तर नुसत्या नशिबाने एवढं जमण्याची शक्यता जेमतेम चार टक्के. किती वेळा करायचं ते आधीच ठरवा आणि मध्येच आकडा बघून थांबू नका. कान थकले की विश्रांती घ्या, वेळेची मर्यादा नाही.

चाचणी फक्त एवढंच सांगते की फरक आहे. कोणती आवडते ते वेगळं, आणि तेही नाव न बघताच ठरवा. फाइलींना दुसऱ्या कुणाकडून क्रमांक द्यायला लावा, आपल्या पसंतीचा क्रम कागदावर लिहा, मग नावं उघडा. ‘जुनी जपानी’, ‘मूळ टेपवरून’, ‘चोवीस कॅरेट’ हे शब्द दिसले की कान त्यांच्या बाजूने झुकतातच, कितीही अनुभवी असोत.

निवडताना काय जास्त मोलाचं

लेड झेपेलिनचं उदाहरण घ्या. 1980 च्या दशकातल्या पहिल्या सीडी, त्यांतल्या काही बॅरी डायमेंट यांनी मास्टर केलेल्या. 1990 मध्ये जिमी पेज आणि जॉर्ज मारिनो यांनी केलेलं काम. आणि 2014 पासून जॉन डेव्हिस यांचं. तिन्हींचे चाहते आहेत. एकाच फेरीत विजेता शोधण्यापेक्षा प्रत्येक डिस्कमधल्या उणिवा दोन गटांत वाटा: घरी दुरुस्त होणाऱ्या आणि न होणाऱ्या.

बेस कमी, ट्रेबल जास्त, आवाज हळू, गायक अर्धा डेसिबल डावीकडे, वेग किंचित कमी: हे सगळं इक्वलायझरने किंवा साध्या प्रोग्रॅमने बऱ्यापैकी सावरता येतं. स्पेक्ट्रममधले फरक टिपून ठेवायला सांगितले ते यासाठीच. पातळ वाटणाऱ्या जुन्या डिस्कला 80 हर्ट्झखाली दोन-तीन डेसिबल दिले की ती कधी कधी नव्या आवृत्तीला मागे टाकते. पण मर्यादकाने कापलेलं स्नेअरचं टोक, सरसर पुसताना गेलेला खोलीचा प्रतिध्वनी, जुन्या नकलेत हरवलेले वरचे स्वर आणि चुकलेला हेडचा कोन, यातलं काही परत आणता येत नाही. निर्णय या दुसऱ्या गटावरच घ्यावा, असं मी ठामपणे म्हणेन.

याचा अर्थ जुनी सीडीच नेहमी सरस, असा मुळीच नाही. 1980 च्या दशकात हाताला लागेल ती टेप वापरण्याची घाई झाली होती, आणि पुढे मूळ टेप शोधून काढून, चांगल्या कन्व्हर्टरवर (टेपचा आवाज आकड्यांत बदलणाऱ्या यंत्रावर) केलेली कामं त्यांच्यापेक्षा कितीतरी उजवी आहेत. बीटल्सचा 2009 चा मोनो संच मर्यादक न लावता काढला गेला, तो नवा असूनही मोकळा वाजतो. उलट 2003 च्या ‘डार्क साइड’वर सीडीचा थर आणि एसएसीडीचा स्टिरिओ थर सारखे नाहीत, सीडीच्या थरावर आवाज जास्त दाबलाय. एकाच डिस्कवर दोन वेगळे निकाल लागू शकतात, म्हणून नोंद करताना थरसुद्धा लिहा.

नोंदवहीत प्रत्येक डिस्कसाठी मॅट्रिक्स क्रमांक, प्रत्येक गाण्याची कमाल पातळी, प्री-एम्फसिस आहे की नाही, उणे 23 वर आणताना आवाज किती डेसिबल खाली आणावा लागला, आणि फेड-आउट, सिंबल, गायक, बेस व मोनो या पाचांवर एकेक ओळ लिहा. निकाल अल्बमचा लिहू नका, गाण्याचा लिहा. एकाच अल्बममधली गाणी वेगवेगळ्या टेपवरून आलेली असू शकतात, आणि मूळ एलपीची पहिली बाजू एका डिस्कवर, दुसरी बाजू दुसऱ्या डिस्कवर चांगली निघणं यात नवल काही नाही. तसं झालं तर दोन्ही डिस्क ठेवा आणि ऐकण्यासाठीची फाइल गाण्यागणिक निवडून बनवा.